दार लागत नाही? आधी ओळंबा सोडा: फ्लोअर स्प्रिंग, पिव्हट आणि क्लोजर निवडताना, बसवताना

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानातून फोन आला. "दादा, मशीन खराब निघालं. दार पूर्ण लागतच नाही." आमच्या धंद्यात फ्लोअर स्प्रिंगला, म्हणजे दार आपोआप बंद करणाऱ्या फरशीतल्या तेल-स्प्रिंगच्या पेटीला, सगळे मशीनच म्हणतात. जाऊन बघितलं तर मशीन नवंकोरं, तेलाचा थेंबही गळलेला नव्हता. ओळंबा सोडला तेव्हा दाराची वरची पिन आणि खालचा स्पिंडल (मशीनमधला फिरणारा दांडा) यांच्यात तीन सुतांचा फरक निघाला. सुतारकामात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी. म्हणजे ६०-७० किलोचं काचेचं दार ९ मिमी तिरप्या आसावर लटकत होतं. तिरप्या आसावरच्या दाराला स्वतःच्या वजनाने एका ठरावीक जागी जाऊन थांबायचं असतं. स्प्रिंग त्याला बंद करायला ओढते, वजन दुसरीकडे ओढतं, आणि दार दोघांच्या मध्ये अडकून राहतं.

माझ्याकडे 'खराब मशीन' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक अशाच निघाल्या. दोष बसवण्यात असतो, नाहीतर चुकीचं माप उचलण्यात असतो. दुकानदार मशीन बदलून देतो, नवंही तसंच वागतं, आणि बदनाम होतं मशीन.

दार कशावर तोललंय

बिजागरीवरचं दार चौकटीला एका बाजूने लटकतं. वरची बिजागरी सतत बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. म्हणून जड दाराचा वरच्या बिजागरीचा स्क्रू आधी सैल होतो आणि दाराचं खालचं टोक फरशीला घासायला लागतं. पिव्हटवरच्या, म्हणजे वर-खाली टोकांवर फिरणाऱ्या, दाराचं वजन मात्र खालच्या टोकावरून सरळ जमिनीत जातं. वरची पिन दाराला फक्त जागेवर धरून ठेवते. ही युक्ती नवी नाही. जुन्या वाड्यांच्या जाड दारांना लोखंडी बिजागरी नसायची. दाराच्याच लाकडातून वर-खाली काढलेले गोल खुंट उंबऱ्यातल्या आणि वरच्या पट्टीतल्या भोकांत फिरायचे. पंचवटीतला एखादा जुना वाडा उतरवताना असं दार मिळालं तर खालचा खुंट बघा, पिढ्यान्‌पिढ्या फिरून गुळगुळीत झालेला असतो.

आज पिव्हट दोन प्रकारे बसतो. दाराच्या जाडीच्या मधोमध आणि कडेपासून थोडा आत बसवला की दार दोन्हीकडे उघडतं. काचेची दारं आणि हॉटेलांच्या किचनची दारं अशी असतात. दाराच्या जाडीबाहेर, बिजागरीसारखा पुढे काढून बसवला की दार एकाच बाजूला उघडतं आणि चौकटीत नीट बसतं. हल्ली गंगापूर रोडकडच्या बंगल्यांना चार-साडेचार फुटांचं मोठं मुख्य दार करायची हौस आहे. त्यात पिव्हट कडेपासून सहा-आठ इंच आत घेतात. दिसायला भारी दिसतं, पण दार उघडल्यावर पिव्हटच्या मागचा भाग वाटेत येतो. चार फुटांच्या दाराला पिव्हट आठ इंच आत घेतला तर जायची मोकळी वाट तीन फुटांच्या आसपासच उरते. फ्रिज, सोफा आणि लग्नातलं कपाट त्याच वाटेने आत जायचं आहे, हे घरमालकाला आधी सांगा. नंतर सांगितलं तर तो आपल्यावर चिडतो.

आधी वजन आणि रुंदी, मग दुकान

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "चांगल्यातलं मशीन द्या" म्हणणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "चांगल्यातली गोळी द्या" म्हणण्यासारखं आहे. आधी वजन काढा. काचेचा हिशोब सोपा आहे: एक मिमी जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो. म्हणजे १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो. तीन फूट बाय सात फुटांचं दार साधारण ५८ किलो, साडेतीन बाय सातचं ६८ किलो, चार बाय सातचं ७८ किलो. लाकडाचं दार असेल तर सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो धरा. साडेतीन बाय सातचं ४५ मिमी जाडीचं भरीव सागवानी दार ६५ किलोच्या पुढे जातं. साधं ३२ मिमीचं फ्लश डोअर ३०-४० किलोत बसतं. त्यात हँडल, कुलूप, खालच्या पट्ट्या मिळवा.

पण एकट्या वजनावर जाऊ नका. रुंद दाराला मिटवायला जास्त जोर लागतो. दाराचं वजन आसापासून जितकं लांब, तितकी स्प्रिंगची दमछाक जास्त, शिवाय वारा ढकलायला पृष्ठभागही जास्त. क्लोजरच्या, म्हणजे दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राच्या, युरोपियन मानकात (ईएन ११५४) ताकदीचे आकडे रुंदी आणि वजन दोन्हींवरून ठरतात: २ नंबर ८५० मिमी आणि ४० किलोपर्यंत, ३ नंबर ९५० मिमी आणि ६० किलोपर्यंत, ४ नंबर ११०० मिमी आणि ८० किलोपर्यंत, ५ नंबर १२५० मिमी आणि १०० किलोपर्यंत. आता वरचं चार बाय सातचं काचेचं दार घ्या. वजन ७८ किलो, म्हणजे ४ नंबर चालेल असं वाटतं. रुंदी मात्र १२१९ मिमी. म्हणून ५ नंबरच घ्यायचा. दोन्हींतला मोठा आकडा धरायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आपल्याकडे फ्लोअर स्प्रिंगसाठी आयएस ६३१५ आणि क्लोजरसाठी आयएस ३५६४ ही भारतीय मानकं आहेत. खोक्यावर नुसतंच 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असेल आणि रुंदी-वजन काहीच नसेल, तर ते खोकं दुकानदाराकडेच राहू द्या.

दार दिवसातून किती वेळा उघडतं, हेही मोजा. त्याच युरोपियन मानकाच्या चाचणीत पाच लाख वेळा दार उघड-मीट करतात. दिवसाला ३०० वेळा उघडणाऱ्या दुकानाला हा आकडा साडेचार वर्षं पुरतो. रविवारी सकाळी मिसळीसाठी रांग लागणाऱ्या हॉटेलाचं दार दिवसाला किती वेळा उघडत असेल, त्याचा हिशोब मालकाकडे सोडा, पण स्वस्तातलं मशीन तिथे लावू नका.

जागा बघून ठरवा

तळमजला, पक्की फरशी, पाणी साचत नाही: फ्लोअर स्प्रिंग लावा. दोन्हीकडे उघडतं, दिसत नाही, टिकतं.

वरचा मजला असेल तर आधी फरशीखाली किती जागा आहे ते विचारा. मशीनच्या पेटीला साधारण दोन-अडीच इंच खोली लागते. टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून तेवढी जागा मिळाली तर ठीक. स्लॅबला हात लावायचा नाही. एकदा इंदिरानगरमध्ये एका ऑफिसात कटर मारताना वायरिंगचा पाइप निघाला होता, तो फुटला नाही हे नशीब. अशा ठिकाणी खालच्या पॅचमध्येच (काच धरणाऱ्या धातूच्या पकडीत) हायड्रॉलिक असलेलं फिटिंग मिळतं, त्याला फरशी खोदावी लागत नाही. ते जड दाराला पुरत नाही, म्हणून त्याची वजनमर्यादा दोनदा वाचा.

नदीकाठचं दुकान असेल तर माझं मत ठाम आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की अख्खं नाशिक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी कमरेला लागलं की छातीला. पाणी आणखी चढलं की सराफ बाजार, भांडी बाजारात शिरतं. त्या पट्ट्यात फ्लोअर स्प्रिंग म्हणजे जमिनीत पुरलेली तेलाची पेटी, आणि तिच्यात गाळ भरायला एक पूर पुरतो. तिथे साधा फिरणारा खालचा पिव्हट आणि वरच्या चौकटीत लपवलेला ओव्हरहेड क्लोजर लावा. गाळ धुऊन काढला की दार पुन्हा चालू. ज्यांना लपवलेला क्लोजर महाग पडतो त्यांनी ॲल्युमिनियमची चौकट करून वरून दिसणारा साधा क्लोजर लावावा. दिसण्यात थोडं कमी, पण दर पुरानंतर फरशी फोडायला नको.

किचनचं दार वेगळं असतं. वेटरच्या दोन्ही हातांत ट्रे, दार पायाने किंवा खांद्याने ढकललं जाणार. तिथे दोन्हीकडे उघडणारं, कुठेही न थांबणारं मशीन घ्या. दारात डोळ्यांच्या उंचीला काचेची खिडकी ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तर्री भिंतीवर दिसेल. लाकडी दार असेल तर पिव्हटकडची कड गोल घासून घ्यावी लागते. चौकोनी कड फिरताना चौकटीला अडते आणि बोट सापडलं तर चेंगरतं.

मशीन मागवताना अजून एक विचारा: ९० अंशांवर थांबणारं हवं की न थांबणारं? दुकानाला थांबणारं बरं, सकाळी झाडताना आणि माल उतरवताना दार उघडं राहतं. एसी असलेल्या दवाखान्याला न थांबणारं. आगीपासून वाचवणाऱ्या दाराला थांबणारं मशीन अजिबात नको. ते दार आपोआप बंद होण्यासाठीच असतं.

काच मागवण्याआधी

टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. पॅचची खाच, हँडलची भोकं, कुलपाची जागा सगळं आधी ठरवून ड्रॉइंगवर द्यायचं. म्हणून आधी मशीन आणि पॅच हातात घ्या, त्यांच्याबरोबर आलेल्या कागदावरून खाच काढा आणि मगच काचेचं माप द्या. मी नवीन असताना उलटं केलं होतं. काच आली, पॅचचा आकार वेगळा निघाला, आणि ती काच आजही माझ्या गोडाउनमध्ये टेबलावर आहे.

उंची मोजताना मध्ये एकदा मोजून भागत नाही. डावीकडे, मध्ये, उजवीकडे तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. खाली ८-१० मिमी, वर ३-४ मिमी आणि बाजूला ३-४ मिमी फट ठेवा. दार उघडताना आतल्या फरशीला चढ आहे का, तेही लेव्हलने बघा. दार बंद असताना दिसणारी फट ९० अंशांवर नाहीशी होऊ शकते. टफन काचेची खालची कोपऱ्याची कड ग्रॅनाइटवर आपटली तर अख्खं दार तांदळाएवढ्या तुकड्यांत खाली येतं.

खड्डा आणि ओळंबा

आता मुख्य काम. वरच्या पिनची जागा आधी ठरवा, चौकटीवर किंवा वरच्या काचेच्या पॅचवर पक्की खूण करा. तिथून ओळंबा सोडा. लेझर असेल तर लेझर वापरा, पण लेझर एका जागी न हलता राहतो का बघा. गजबजलेल्या रस्त्यावर ओळंब्याचा दोरा मला अजूनही जास्त भरवशाचा वाटतो. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, लगेच स्थिर होतो. खाली जिथे टोक आलं, तिथे फरशीवर अधिक चिन्हाची (+) खूण करा आणि ती दोन्ही दिशांना रेघ ओढून खड्ड्याच्या बाहेर नेऊन ठेवा. खड्डा खोदला की मधली खूण जाते, बाहेरच्या रेघा राहतात.

मग पेटीच्या चारी बाजूंना अर्धा इंच जास्त सोडून कटर मारा. कटरला पाणी द्या, नाहीतर कोटा किंवा ग्रॅनाइटची कड फुटते आणि झाकणपट्टी ते झाकू शकत नाही. खोली मशीनपेक्षा थोडी जास्त ठेवा, खाली मसाला जायचा आहे.

पेटी खड्ड्यात ठेवून तिच्यात मशीन बसवा, स्पिंडलच्या मध्यावर रेघा जुळवा, ओळंबा परत सोडा. मशीनचा वरचा भाग लेव्हलमध्ये हवा आणि झाकणपट्टी फरशीच्या पातळीला यायला हवी. ती वर राहिली तर दार घासतं आणि लोक अडखळतात; खाली गेली तर पुसण्याचं पाणी तिथेच साचतं. पेटी बाजूंनी पाचरी मारून घट्ट करा, मशीन काढून घ्या आणि चारी बाजूंना न आकुंचणारा ग्राउट किंवा एकास दोनास चार बारीक खडीचं काँक्रीट भरा. मसाला पेटीत जाऊ नये म्हणून तोंडावर टेप लावा.

मग थांबा. इथेच घाई होते. दुकानदाराला संध्याकाळी उद्घाटन असतं, भटजींची वेळ ठरलेली असते. तरी निदान एक दिवस आणि एक रात्र काँक्रीटला द्या. ओल्या मसाल्यावर ७० किलोचं दार टांगलं की पेटी एका बाजूला कलते, आणि नंतर तीच तक्रार: मशीन खराब निघालं.

दुसऱ्या दिवशी मशीन पेटीत बसवा. पेटीत मशीन थोडं मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे सरकवायला स्क्रू असतात, ते मधोमध ठेवा म्हणजे दोन्हीकडे जागा राहील. स्पिंडलचा चपटा भाग दाराच्या बंद स्थितीला समांतर असायला हवा. पॅचमधल्या काचेच्या भागावरचे तेलाचे हाताचे डाग स्पिरिटने पुसा, पॅचच्या आत फायबरचं गॅस्केट हवंच, धातू काचेला कुठेही टेकता कामा नये. स्क्रू एकसारखे कसा. एकच स्क्रू जोराने पिळला तर काच तिथेच तडकते.

दार टांगायला तीन माणसं घ्या, हातमोजे आणि बंद बूट घालूनच. खालचा पॅच स्पिंडलवर बसवा, दार उभं करा, तिसऱ्या माणसाने वरची पिन खाली सोडावी. पिन पॅचमध्ये पूर्ण शिरली आहे का ते डोळ्याने बघितल्याशिवाय दार सोडू नका. मग दार ९० अंशांपर्यंत नेऊन सावकाश सोडा. दोन्ही बाजूंनी सोडल्यावर दार एकाच जागी येऊन थांबायला हवं. एका बाजूने अर्धा इंच पुढे, दुसऱ्या बाजूने अर्धा इंच मागे थांबत असेल तर मशीनच्या स्क्रूने हळूहळू सरकवा. सगळं जुळलं की पेटी आणि मशीनमधल्या फटीत भरण्याचा मसाला मिळतो, तो ओता. हे काम बहुतेक जण टाळतात. पावसाचं आणि पोछ्याचं पाणी पेटीत उतरून दोन वर्षांत मशीन गंजतं ते त्यामुळेच.

लाकडी आणि ॲल्युमिनियमच्या दाराला क्लोजर

इथे काम सोपं असतं, म्हणून चुका जास्त होतात. खोक्यातला कागदी नमुना दारावर चिकटवून भोकं पाडा, अंदाजाने नाही. बिजागरी दिसते त्या बाजूला, म्हणजे दार ओढून उघडतो त्या बाजूला, क्लोजर दारावर आणि हात चौकटीवर ही सर्वांत जोरकस मांडणी. दुसऱ्या बाजूला लावायचं असेल तर क्लोजर चौकटीवर, नाहीतर हात दाराला समांतर ठेवणारी मांडणी. ही समांतर मांडणी दिसायला नीटस असते, पण तिच्यात क्लोजरचा जोर बराच कमी पडतो. तिथे एक नंबर वरचा क्लोजर घ्या.

नेहमीच्या मांडणीत दार बंद असताना पुढचा हात चौकटीला काटकोनात हवा. त्यासाठी त्याची लांबी फिरवून कमी-जास्त करता येते. तो तिरपा राहिला तर शेवटच्या दोन इंचांत जोर मिळत नाही आणि कुलूप लागत नाही.

पोकळ फ्लश डोअरला नुसते लाकडाचे स्क्रू टिकत नाहीत. ज्या जागी भरीव पट्टी आहे तिथेच क्लोजर येईल असं दार मागवा, नाहीतर आरपार बोल्ट मारा. ॲल्युमिनियमला पत्र्याचे स्क्रू नकोत, रिव्हेट नट घालून बोल्ट लावा. चौकट भिंतीला घट्ट आहे का, तेही बघा. दर धक्क्याला हलणाऱ्या चौकटीवर क्लोजर लावून काही उपयोग नाही.

वेग

मशीनला आणि क्लोजरला बारीक स्क्रू असतात, ते व्हॉल्व्ह. बहुतेकांना दोन: एक मोठ्या फिरण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या १०-१५ अंशांतला, जिथे दार कुलपात बसतं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की वेग कमी, उलट फिरवलं की जास्त. एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी फिरवा, दार दोन-तीनदा सोडून बघा, मग पुढे. ९० अंशांवरून बंद व्हायला ५ ते ७ सेकंद लागले पाहिजेत. आजी-आजोबा येतात अशा दवाखान्याला थोडे जास्तच. व्हॉल्व्ह बाहेर येईपर्यंत फिरवू नका. तेल गेलं की ते परत भरता येत नाही, आणि तेल गळणारा क्लोजर दुरुस्तही होत नाही, बदलायचाच.

बऱ्याच चांगल्या क्लोजरला तिसरा स्क्रूही असतो. दार जोरात उघडलं तर भिंतीवर आपटण्याआधी तो त्याला धरतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा येतो, त्या बाजूला तोंड असलेल्या दुकानांना हा हवाच. तो नसेल तर फरशीवर रबरी स्टॉपर लावा.

आणि ऋतू बदलला की वेगही बदलतो. निफाडच्या थंडीची बातमी पेपरात आली की माझा फोन वाजायला लागतो: तेल घट्ट होतं, दार सावकाश जातं, काही दारं शेवटची दोन इंचं सोडून थांबतात. एप्रिलमध्ये तेच दार धाडकन आपटतं. वर्षातून दोनदा पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे, एवढंच काम असतं, त्यासाठी मला बोलवायची गरज नाही. म्हणून निघताना ॲलन की गल्ल्यात ठेवून जातो. पुढच्या खेपेला गेलो की ती हमखास हरवलेली असते.